हॅलोजनच्या जुन्या बॉडीत एलईडी चिप बसवून मळ्यातल्या घराला फ्लडलाईट: कोणी केलंय का?

पाणंदवाला

राम राम मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

आमचं घर आष्ट्याच्या पुढं, डांबरी सोडली की पाणंदीनं अर्धा किलोमीटर आत, मळ्यात. मी नोकरीला कुपवाडला, तिथं आई-आबा दोघंच. तीन बाजूंनी ऊस, चौथ्या बाजूला गोठा, त्याच्या पलीकडं विहीर. मोटारीची केबल तांब्यासाठी दोनदा कापून नेली. दुसऱ्या वेळी तर आबा ओसरीत जागे होते, खोकत होते, तरी कापली, कारण विहिरीकडं मिट्ट काळोख. त्यात शेजारच्या वस्तीवरचं कुत्रं बिबट्यानं उचललं. तेव्हापासून पहाटे धारेला जाताना आई एका हातात बॅटरी, एका हातात काठी आणि कोपरात चरवी अडकवून जाते. हे बघितल्यावर मला काही गप्प बसवेना.

दोन वेळा तयार फ्लडलाईट आणून लावले, ५० वॅटचे. पहिला सात महिने चालला. दुसरा एका पावसाळ्यात गेला. जाण्याआधी एकदा आबा शिडीवर चढून त्याचं तोंड फिरवत होते, बॉडीला हात लागला आणि म्हणाले, "मुंग्या आल्या रं." आबांना १९८५ च्या सुमारास स्टार्टरचा असा झटका बसलाय की त्यापुढं बाकी सगळ्याला ते मुंग्याच म्हणतात, त्यामुळं मी घाबरलो. मेलेला दिवा उघडला तर आत ड्रायव्हर (एलईडीला हवा तेवढाच करंट देणारा डबा) असा नाहीच! एक ॲल्युमिनियमची पट्टी, तिच्यावर एलईडीचे ठिपके, मध्ये दोन-तीन काळ्या बारक्या आयसी, आणि २३० व्होल्टच्या वायरी थेट त्याच पट्टीवर सोल्डर केलेल्या. दोन आयसींच्या पोटाला भोकं पडलेली.

आता डोक्यात असं आहे. माळ्यावर ५०० वॅटचे दोन हॅलोजन पडलेत, बहिणीच्या लग्नात मांडवाला लावलेले. काच, बॉडी, स्टँड सगळं धड. नळी काढून आत ५० वॅटची सीओबी चिप (एकाच तुकड्यावर दाटीनं बसवलेले एलईडी) बसवायची, ड्रायव्हर वेगळा लावायचा. ५०० वॅटची उष्णता सोसलेली बॉडी आहे, ५० सहज सोसेल असा माझा हिशेब. चालेल का? दुसरं, लाईट गेल्यावर पण दिवा लागावा म्हणून घरातल्या बॅटरीवरून १२ व्होल्टची वायर गोठ्यापर्यंत न्यावी का? अंतर ६० मीटर भरतं. आणि सेन्सर लावावा की रात्रभर चालू ठेवावा? मला सोल्डरिंग येतं, मीटर आहे. इंजिनियर नाही.

कृष्णाकाठ

भावा, चांगल्या कंपनीचा घे, दोन वर्षांची गॅरंटी असलेला. कशाला उद्योग? हॅलोजनची बॉडी भंगारात घाल, भेळ खा.

पाणंदवाला

दोन्ही गॅरंटीचेच होते. दुकानदार म्हणाला, "तुमच्याकडं व्होल्टेज जास्त येतं, ते गॅरंटीत बसत नाही." भेळ खाऊन आलो.

मिरजेचा मिस्त्री

मी साठी ओलांडलेला माणूस, अरे-तुरे करतो, राग मानू नकोस. मिरजेत सतारमेकर गल्लीच्या जवळ माझं रिपेअरीचं दुकान आहे. शेजारी भोपळे वाळत घातलेले असतात, माझ्याकडं मेलेले फ्लडलाईट. त्यांच्या भोपळ्यांना पुढं सूर तरी येतो.

तू जे उघडलंस त्याला आम्ही डीओबी म्हणतो, ड्रायव्हर पट्टीवरच. त्यात ट्रान्सफॉर्मर नसतो. एलईडीची लांब माळ थेट मेनवर, आणि माळेला लागून जे व्होल्टेज उरतं ते त्या काळ्या आयसी उष्णता करून जाळतात. २३० ला ठीक चालतं. २६५-२७० झालं की वरचं सगळं आयसीच्या डोक्यावर, म्हणून पोटाला भोक. मुंग्यांचं कारणही तेच. पट्टीवरचं तांबं आणि खालचं ॲल्युमिनियम यांच्यामध्ये कागदाएवढा थर असतो, तेवढ्यावर मेन अडवलेला. पावसात ओल धरली, वर अर्थिंग नाही, तर शिडीवरच्या माणसाला मुंग्याच येणार. आणि मुंग्या हा मेहेरबानीचा प्रकार आहे. आबांना सांग, अर्थिंग होईपर्यंत त्या बॉडीला हात लावायचा नाही, मेन बंद केला तरी आधी टेस्टर लावून बघायचं.

आता तुझा हॅलोजनचा हिशेब. तिथंच बहुतेक जण फसतात, मी पण फसलोय. हॅलोजनच्या नळीला गरम राहायलाच हवं असतं. तिची काच अडीचशे डिग्रीच्या वर असली तरच आतलं चक्र नीट फिरतं. शिवाय तिची निम्म्याहून जास्त उष्णता उजेडाबरोबर समोरच्या काचेतूनच बाहेर पडते, शेकोटीसारखी. म्हणजे ती बॉडी उष्णता सोसायला बनवलीय, ओढून बाहेर टाकायला नाही. एलईडी समोरून शेक देत नाही. तिची सगळी उष्णता पाठीतून, धातूला धातू लागूनच गेली पाहिजे. हॅलोजनच्या आत तर नुसता वाकवलेला चकचकीत पत्रा असतो, चिपला टेकायला सपाट जागाच नाही. त्या पत्र्यावर ५० वॅटची चिप लावलीस तर पंधरा दिवसांत तिचा पिवळा भाग मध्ये करपून तपकिरी होईल. माझ्याकडं डबाभर आहेत तशा.

म्हणून बॉडी वापर, पण काचेचा डबा म्हणून. पाठीला चौकोनी भोक पाड, बाहेरून फिनवाला ॲल्युमिनियमचा हीटसिंक (उष्णता ओढून हवेत टाकणारा ठोकळा) बोल्टनं आवळ, मध्ये रबराची गॅस्केट, आणि चिप हीटसिंकवर बसवून भोकातून आत डोकावू दे. हीटसिंक किती मोठा? वॅटमागं ५०-६० चौरस सेंटिमीटर उघडा पृष्ठभाग, फिनच्या दोन्ही बाजू मोजून. तू कुपवाडलाच आहेस म्हणतोस, मग एमआयडीसीजवळच्या भंगारवाल्याकडं जुन्या यूपीएसचे हीटसिंक किलोवर मिळतील. फिन उभ्या राहतील असा लाव, आडव्या लावल्या तर हवा वर चढत नाही आणि चिमण्या काड्या ठेवतात.

चिप आणि हीटसिंकच्या मध्ये लावायची थर्मल पेस्ट थापू नकोस. पापड लाटताना पोळपाटाला तेल लावतो तेवढीच. चारही स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळ, एकदम एक आवळला तर चिपची पाठ उचलते. हीटसिंकशिवाय चिप ‘जरा लावून बघू’ म्हणून सुद्धा पेटवू नकोस, आणि पेटलेल्या चिपकडं थेट बघू नकोस.

आता माझा खरा मुद्दा. ५० ची चिप ५० वर चालवूच नकोस. तिच्या आत बहुतेक वेळा दहा-दहाच्या पाच माळा असतात, पूर्ण जोरात ३२ व्होल्टच्या आसपास दीड अँपियर. तिला ९०० मिलिअँपियरचा ड्रायव्हर दे. ३० गुणिले ०.९, म्हणजे २७ वॅट. उजेड निम्म्याहून चांगलाच जास्त राहतो, कारण गार चिप वॅटमागं जास्त उजेड देते. तासभर चालवून हीटसिंकवर चिपच्या मागं बोट ठेव. पाच सेकंद ठेवता आलं तर पास. झटकन काढावं लागलं तर हीटसिंक लहान आहे.

ड्रायव्हर ‘कॉन्स्टंट करंट’ (करंट कायम ठेवणारा) आणि ‘आयसोलेटेड’ (आउटपुटचा मेनशी थेट संबंध नसलेला) पाहिजे, आउटपुट ३०-३६ व्होल्ट. खोक्यावर विश्वास ठेवू नकोस. काहीही जोडायच्या आधी मीटर ओहमवर लावून इनपुट आणि आउटपुटच्या वायरींमध्ये बघ, काही आकडा दिसला तर परत कर. आणि तो दिव्याच्या आत कोंबू नकोस, वळचणीखाली वेगळ्या बॉक्समध्ये ठेव. ड्रायव्हर मरतो तो आतला कपॅसिटर सुकून, आणि दर दहा डिग्रीला त्याचं आयुष्य निम्मं होतं असा ठोकताळा आहे.

१२ व्होल्टचं विसर. २० वॅटचा दिवा १२ व्होल्टवर १.७ अँपियर ओढतो. ६० मीटर म्हणजे जाऊन-येऊन १२० मीटर वायर. दीड स्क्वेअरची घेतलीस तरी दीड ओहम, अडीच व्होल्ट वाटेतच संपले. गोठ्यात साडेनऊ पोचणार. इन्व्हर्टर असेल तर त्याच्याच लाईनवरून २३० व्होल्टच गोठ्यापर्यंत ने. नसेल तर गोठ्यातच छोटी बॅटरी आणि पॅनल.

पण सगळ्यात आधी एक काम कर. रात्री दोनला आणि संध्याकाळी मोटारी चालू असताना व्होल्टेज मोज. मग पुढचं सांगतो.

पाणंदवाला

काका, एवढं कोणी सांगत नाही हो. शनिवारी मळ्यात मुक्काम केला. संध्याकाळी सात वाजता १८८. रात्री दोनला उठलो, २६६. तीनला परत बघितलं, २६८. आई म्हणाली, "काय तापबिप आलाय का, सारखा उठून बघतोयस." मी म्हटलं, मला नाही, लाईटीला आलाय.

मिरजेचा मिस्त्री

वाटलंच. मोटारी चालू असताना शेवटच्या घराला व्होल्टेज पोचावं म्हणून डीपीचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा, व्होल्टेज कमी-जास्त करायचा टॅप वर ठेवलेला असतो. रात्री मोटारी बंद, लोड नाही, मग सगळं वर चढतं. तुझे दोन्ही दिवे त्यातच गेले.

ड्रायव्हर ९० ते ३०० व्होल्ट इनपुटचा मिळतो का बघ. त्याच्या आधी एक अँपियरचा फ्यूज, आणि फ्यूजच्या नंतर फेज-न्यूट्रलमध्ये एमओव्ही, म्हणजे व्होल्टेजचा झटका गिळणारी चकती. दुकानदार १४डी४३१ देईल, ते घेऊ नकोस. त्याची कायमची मर्यादा २७५ व्होल्ट, तुझी रात्र २६८ ची. रोज काठावर उभं राहून ते बिचारं म्हातारं होईल. १४डी४७१ घे, ३०० पर्यंत शांत बसतं. एमओव्ही मरताना शॉर्ट होऊन मरतं, म्हणून फ्यूज त्याच्या आधीच पाहिजे, नंतर नाही. हे वीज कडाडल्यावर येणाऱ्या झटक्यासाठी झालं. डीपीचा न्यूट्रल तुटला तर घरात चारशेच्या जवळ येतं, तेव्हा एमओव्ही काही करू शकत नाही. त्यासाठी मेनबोर्डात ओव्हरव्होल्टेजला तोडणारा रिले बसव, टीव्ही-फ्रीज पण वाचतील. सोबत ३० मिलिअँपियरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईन तोडणारा स्विच. आणि दोन्ही दिव्यांच्या बॉडीला अर्थ. नुसती हिरवी वायर लोंबवून ‘अर्थ दिला’ म्हणू नकोस, ती खड्ड्यापर्यंत गेली पाहिजे.

सेन्सरच्या भानगडीत मी पडत नाही. रात्रभर चालू ठेव. २७ वॅट, अकरा तास, महिन्याला नऊ युनिटच्या आत.

मसूरची माहेरवाशीण

काका, बाकी सगळं मान्य, रात्रभर चालू ठेवायचं मात्र नाही.

मी कऱ्हाड तालुक्यातली, आमचं पण वस्तीवरचं घर. मागच्या सालच्या आदल्या खरिपात दिरांनी परड्याच्या कोपऱ्यावर पांढराफेक दिवा लावला, रात्रभर चालू, तोंड सोयाबीनकडं. गणपती झाले, सगळं रान पिवळं पडायला लागलं आणि दिव्यासमोरच्या आठ-दहा ओळी हिरव्यागार, कमरेएवढ्या. सासूबाई खूश, "बघा खत कसं लागलंय." जवळ जाऊन बघितलं तर शेंगाच नाहीत, कुठं तरी एखादी. सोयाबीनला फुलायला लांब रात्र लागते, त्याला आम्ही रात्र मिळूच दिली नव्हती. काढणीला त्या ओळी बैलांना टाकल्या. जतकडं ड्रॅगनफ्रूटवाले रात्री मुद्दाम दिवे लावतात, त्याला फुलोरा यावा म्हणून. म्हणजे उजेडाचं पिकाला कळतं. तुमच्याकडं ऊस आहे, पण बांधाला शेजाऱ्याचं सोयाबीन असेल तर भांडण ठरलेलं.

सेन्सर लावा, पण कुठला आणि कुठं ते महत्त्वाचं. आम्ही आधी तो आरसीडब्ल्यूएल वाला मायक्रोवेव्हचा लावला. प्लॅस्टिकच्या डबीच्या आतून पण बघतो म्हणून खूश होतो. वाऱ्यानं मका हलला की लाईट, पाऊस आला की लाईट, मांजर भिंतीच्या पलीकडं गेलं तरी लाईट. चार दिवसांनी कोणी बघायचंच सोडून दिलं. मग पीआयआर लावला, एचसी-एसआर५०१. तो अंगाची ऊब हलली की ओळखतो. त्याची एक खोड लक्षात ठेवा: समोरून सरळ चालत येणारा माणूस त्याला उशिरा दिसतो, आडवा जाणारा लगेच. म्हणून पाणंदीच्या तोंडाकडं बघत लावू नका, येणारा त्याच्यासमोरून आडवा जाईल असा लावा. उंची डोक्याच्या थोडी वर, सात-आठ फूट. पल्ला सात मीटरच्या आसपास, म्हणजे गोठ्याला एक, दाराला एक असे दोन लागतील. आणि दिव्याच्या जवळ अजिबात नको. दिव्याला किडे, किड्यांना पाल, आणि सेन्सरच्या तोंडावरून पाल फिरली की दिवा उगाच लागतो, ते व्होल्टेजपेक्षा वाईट. आमचा आता खांबावर खाली आणि दिवा वर, सहा फुटांचं अंतर.

एप्रिल-मेमध्ये मात्र तो थोडा आंधळा होतो. संध्याकाळी भिंतीच तापलेल्या असतात, माणसाची ऊब वेगळी उठून दिसत नाही. तेवढे दोन महिने धरून चला.

चिप ३००० केल्व्हिनची घ्या, पिवळसर. ६५०० च्या पांढऱ्यावर किडे तुटून पडतात, सकाळी गव्हाणीत पाकोळ्यांचा खच. आणि बिबट्या उजेडाला घाबरतो असं कुणी सांगेल, त्यावर गोठा उघडा ठेवू नका. दिवा तुम्हाला तो दिसावा म्हणून असतो. गोठ्याला जाळी आणि रात्री दार बंद, हे आधी.

मिरजेचा मिस्त्री

ताई, सोयाबीनचं मला माहीत नव्हतं. माघार. पण मग सेन्सरच्या रिलेचं सांगतो. एलईडीचा ड्रायव्हर चालू होताना क्षणभर भरमसाट करंट ओढतो, कपॅसिटर रिकामा असतो ना. त्यानं बारक्या रिलेचे पॉइंट चिकटतात आणि दिवा कायमचा चालू राहतो. १० अँपियर लिहिलेला रिले पंख्या-बल्बासाठी असतो. १६ चा घाल. आणि गोठ्याच्या दारावर ५ वॅटचा पिवळा बल्ब रात्रभर राहू दे, फ्लडलाईट हालचालीवर. पूर्ण अंधारातून एकदम उजेडात डोळे दिपतात, आई दारात ठेचकाळेल.

अजून एक. दिवा साडेतीन मीटरवर, तोंड खाली. लोक आडवा लावतात, लांब जावा म्हणून. मग येणाऱ्याच्या डोळ्यात जातो, आणि दिव्याच्या मागं कोण उभं आहे ते घरातल्यांना दिसत नाही. चोर त्याच जागेला उभा राहतो. रात्री लावून झाल्यावर तू विहिरीपाशी जा आणि आबांना ओसरीतून विचार, कुठं कुठं दिसतोयस.

पाणंदवाला

तीन आठवड्यांनी लिहितोय. दोन्ही दिवे लागले.

यूपीएसचा हीटसिंक मिळाला, भंगारवाल्यानं पितळेच्या भावात लावायला बघितलं, शेवटी चहा पाजून अर्ध्यावर आणला. हॅलोजनच्या पाठीला भोक पाडताना एक बॉडी तडकली, ओतीव होती. दुसरीला आधी कोपऱ्यांत ड्रिल मारून मग हॅक्सॉनं कापलं. तडकलेलीला बाहेरून पट्टी मारलीय. चिप ३००० ची, ड्रायव्हर ९०० चा. पहिल्या दिव्याला बोट पाच सेकंद काय, वीस सेकंद ठेवलं. दुसऱ्याला तीन सेकंदांत काढावं लागलं. उघडलं तर पेस्ट एका कोपऱ्याला पोचलीच नव्हती. परत लावली, आता ठीक.

विहिरीपाशी उभं राहून आबांना हाक मारली. "दिसतोयस," म्हणाले. दोन पावलं डावीकडं गेलो, कडब्याच्या गंजीच्या सावलीत. "आता कुठं गेलास रं?" केबल दोन्ही वेळा तिथूनच कापली होती. गंजी हलवणं शक्य नव्हतं, दिवाच गोठ्याच्या दुसऱ्या कोपऱ्याला नेला.

शेजारच्या तात्यांचं सोयाबीन दोन बांध सोडून आहे, तरी आधी जाऊन सांगून आलो. ते म्हणाले, सोयाबीन बघू, आमच्या पण गोठ्याला एक कर.

आई आता धारेला जाताना बॅटरी विसरते. काठी नाही विसरत. आबा रोज संध्याकाळी चहाच्या आधी शिडी लावतात आणि बॉडीला टेस्टर टेकवून बघतात. नको म्हटलं तर म्हणतात, "लागत नाही, पण बघितलेलं बरं."

एक शंका राहिलीय काका. पट्टी मारलेल्या दिव्याच्या काचेला सकाळी आतून वाफ धरते. कडेनं सिलिकॉन भरलंय, तो व्हिनेगरसारखा वास येणारा. अजून भरू का?

मिरजेचा मिस्त्री

भरू नकोस, उलट काढ. त्या वासाचं सिलिकॉन तांबं खातं आणि बंद डब्यात त्याची वाफ चिप काळी करते. न्यूट्रल लिहिलेलं आण. वरची आणि बाजूची कड भर, खालच्या कडेला मात्र ३ मिलिमीटरचं एक भोक ठेव. दिवा तापला-निवला की हवा आत-बाहेर करणारच, तिला वाट नसेल तर फटीतून पाणी ओढून घेते. आणि वायर खालून घाल, ग्लँडच्या (वायर आत शिरते त्या आवळबुचाच्या) आधी तिला खाली पोट दे, म्हणजे पाणी तिथंच ठिबकेल.